काचेवरची हळद

झेंडू भरलेले टेम्पो श्रीगोंद्याच्या रस्त्यानं पळायला लागले की माझी चिडचिड सुरू होते. राग फुलांवर नाही, फुलांचे फोटो काढणाऱ्यांवर आहे. परवा माझी मुलगी मनू पुण्याहून आली. काष्टीच्या चौकात एसटीतून उतरली, फुलांच्या ढिगापुढं उभी राहिली, जीन्सच्या खिशातून मोबाईल काढला, पटापट फोटो हाणले आणि मोबाईल पुन्हा त्याच खिशात कोंबला. त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि सुट्टी नाणी. मोबाईलच्या पाठीवर तीन-तीन डोळे, आणि एकालाही पापणी नाही!

"अगं, काचेला ओरखडे जातील," मी म्हणालो.

"जाऊ दे की पप्पा. थोड्या दिवसांनी बदलायचाच असतो."

घ्या! आमच्या वेळी... नको. 'आमच्या वेळी' म्हणायला लागला की माणूस म्हातारा झाला असं समजावं, हे आमच्या अक्काचं म्हणणं आहे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं शिवणकाम आणि माझं मेडिकलचं दुकान, दोन्ही एकाच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. मधली भिंत इतकी पातळ की तिकडं मशीन सुरू झालं की इकडं माझ्या फळीवरच्या बाटल्या किणकिणतात. त्या किणकिणाटात मी आयुष्यभर खोकल्याचं औषध विकत आलोय. मशीन थांबलं की मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

तर, कॅमेरा. मनू बालवाडीत जायची तेव्हा नगरला जाऊन घेतलेला. (शहराचं नाव आता बदललं, पण एसटीत तिकीट मागताना माझ्या तोंडून अजून नगरच निघतं.) कॅमेरा लहानगा, शर्टाच्या खिशात मावेल एवढा, चंदेरी. बटण दाबलं की कुरकुरत लेन्स बाहेर यायची, बंद केला की आत जायची आणि तिच्यावर दोन बारीक पाती मिटायची. "ह्याची पापणी ह्यालाच आहे साहेब, वेगळं काही लागत नाही," दुकानदार म्हणाला. पण दुकानदार कधी काष्टीच्या बाजाराला आलेला नसावा.

बाजाराच्या दिवशी आमच्या गावात धूळ जमिनीवर नसतेच, ती माणसाच्या उंचीनं चालत असते. गाई, बैलं, शेळ्या, त्यांना घेऊन आलेले टेम्पो, दलालांचे पंचे, सगळ्यांतून ती उठते आणि चहाच्या कपावर साय धरावी तशी बसते. दसरा-दिवाळी आली की त्यात साखर कारखान्याची भर. एकदा बॉयलर पेटला की दोरीवरच्या धोतराला काळे ठिपके आलेच म्हणून समजा. अशा हवेत नाजूक दोन पात्यांच्या भरवशावर लेन्स सोडायची? मी नाही सोडली. त्याच दुकानातून लेन्सच्या तोंडाशी चिकटवायची एक बारीक कडी घेतली आणि तिच्यावर फिरवून बसवायचा फिल्टर. फिल्टर म्हणजे दुसरं काही नाही, काचेपुढची काच. आतल्या काचेच्या वाट्याचं जे काही असेल ते ह्या बाहेरच्या काचेनं सोसायचं. वर झाकण. मी खूश.

झाकण पहिल्याच पावसाळ्यात गेलं. आम्ही सगळे अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याला गेलो होतो. धबधब्यापुढं अक्कानं कॅमेरा डोळ्यासमोर धरला आणि तुषारांनी काच भरून आली. मी माझ्या बनियनच्या टोकानं ती टिपत बसलो, तेवढ्यात झाकण हातातून निसटलं आणि पाण्याबरोबर गेलं खाली. आई म्हणाली, "जाऊ दे, नदीला नारळ वाहत्यात, तू झाकान वाहिलंस." ही माझी आई. माझ्या दुःखाला तिनं कधी दुःख मानलंच नाही.

मग मी दुकानातल्या वस्तूंकडं नव्या नजरेनं बघायला लागलो. टॉनिकच्या एका बाटलीचं झाकण फिल्टरवर असं बसलं की जणू त्याच्यासाठीच केलं होतं. अक्कानं त्याच्या आत ब्लाउजच्या उरलेल्या मखमलीचा गोल तुकडा चिकटवून दिला, काच घासू नये म्हणून. पुन्हा हरवू नये म्हणून काळ्या दोऱ्यानं ते कॅमेऱ्याला बांधलं. तो दोरा बघून आई म्हणाली, "करगोटा बी बांधला का! आता तीट लावा म्हंजी झालं." आणि मग हूड. समोरून ऊन आलं की फोटोवर पांढरा झोत पडायचा, त्यासाठी लेन्सला टोपी हवी होती. कुणीतरी दुकानात टाकून गेलेली जुनी एक्स-रेची फिल्म होती. तिची पट्टी कापली, गोल वळवली, आतून अक्कानं काळं कापड लावलं आणि फिल्टरच्या कडेलाच ती चिकटवून टाकली. कुणाच्या तरी बरगड्या अंधूक दिसायच्या त्यात. लेन्सपुढं बरगड्यांची टोपी!

"तुझ्या कॅमेऱ्याला टोपी, मला छत्री," अक्का म्हणाली. "दोघंबी उन्हाला भ्यालेले."

हे ती हसत म्हणाली. आम्हीही हसलो. पण त्या हसण्यात एक खडा होता, तो सांगितला पाहिजे.

अक्काला कोड आहे. नववीत असताना ओठाच्या कडेला शेंगदाण्याएवढा पांढरा डाग उठला. मग बोटांवर, मनगटावर, गळ्याशी. मलमांच्या किती नळ्या मी स्वतः आणल्या असतील, पुढं तर मीच ती विकायला बसलो. डाग त्यांच्या मर्जीनं पसरले आणि त्यांच्या मर्जीनंच एके ठिकाणी थांबले. उन्हात ते पोळायचे, लालभडक व्हायचे, म्हणून छत्री. लांब बाह्यांचा ब्लाउज, गळ्याभोवती घट्ट लपेटलेला पदर. कुणी पाहुणे बघायला आले, चहा पिऊन गेले, आणि गेले ते गेलेच. वडील त्या घोरात लवकर संपले. अक्कानं मशीन घेतलं, मला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. गावातल्या अर्ध्या नवरीमुलींचे शालूवरचे ब्लाउज तिनं शिवले. हळदीच्या कार्यक्रमाला मात्र ती कधी कुणाकडं गेली नाही. "काम पडलंय," म्हणायची.

आणि फोटो? तो तर विषयच नको. नववीनंतर तिचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा घरात आला तेव्हा मला वाटलं आता ही पळणार. उलटंच झालं. तिनं कॅमेराच हातात घेतला. "मी काढते," म्हणाली. मनूचा वाढदिवस, बाजरीची रास, लिंबाच्या बागेतली नवी फुलं, सत्यनारायण, सगळे फोटो अक्काचे. फार छान काढायची, खोटं कशाला बोलू. शिवणाऱ्या माणसाची नजर, कुठं काय कापायचं ते तिला बरोबर कळायचं. पण एकदा मी अल्बम चाळत बसलो होतो आणि एकदम लक्षात आलं की ह्यात अक्का कुठंच नाही. सगळी माणसं आहेत, शेजारची आहेत, शेळीसुद्धा आहे, आणि अक्का नाही. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक फोटोत आम्ही सगळे अक्काकडंच बघत होतो. आई हसत होती ती तिच्याकडं बघून. मनू जीभ दाखवत होती ती आत्यालाच.

आईच्या मनात मात्र एकच होतं. दर दसऱ्याला अंगणात घरच्यांचा फोटो व्हायचा आणि दर दसऱ्याला आई म्हणायची, "अक्के, तू बी ये गं." अक्का म्हणायची, "मग काढायचा कुनी?" कॅमेऱ्यात टायमर होता. मला माहीत होता, माझ्या बायकोला माहीत होता, अक्काला तर आमच्यापेक्षा जास्त माहीत होता. "त्या टायमरवर माझा भरवसा न्हाई," एवढं बोलून ती डोळा मिटायची आणि बटण दाबायची. रात्री आई मला बाजूला घेऊन म्हणायची, "बापू, माझ्या जित्तेपनी एकदा लेकीचा फोटो भिताडावर लागू दे. मी गेल्यावर ही कशी दिसत हुती ते कोन सांगंल?" मला औषधांची नावं पाठ होती, ह्याच्यावरचं औषध माहीत नव्हतं.

नवरात्राचे दिवस आमच्याकडं फार देखणे असतात. पाऊस उघडलेला असतो, पण बांधांवर हिरवं शिल्लक असतं. बाजरीची कणसं खुडून झालेली, खळ्यावर वाळत्या ताटांचा, सरमाडाचा वास. ज्वारी पेरायला जमीन तयार करून ठेवलेली, तिचा रंग चहाच्या पुडीसारखा. दुपारी ऑक्टोबरचं ऊन असं लागतं की कुत्री टेम्पोखाली झोपतात, आणि संध्याकाळी एकदम गार. घरात घट बसलेला, त्याच्या मातीत धान उगवतंय, रोज एक माळ वाढतेय. आई अनवाणी. माझी बायको सुरेखा भगर आणि दाण्याची आमटी करून करून कंटाळलेली. पहाटे देवळातून येणाऱ्या बायकांच्या पायांत चपला नसल्यामुळं रस्त्याला आवाजच नसायचा, फक्त बोलणं ऐकू यायचं. आजही ह्या दिवसांत मला पहाटे जाग येते ती त्याच बोलण्यानं, आता तसं फारसं कुणी जात नसलं तरी.

त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्या घरात ह्या दिवशी हत्यारं पुजतात. पाटावर लाल खण अंथरायचा आणि ज्याच्यावर घर चालतं ते सगळं त्यावर मांडायचं. विळा, खुरपी, कुऱ्हाड. अक्काची मोठी कात्री आणि टेप. मशीन जागेवरच, पण त्याला झेंडूची माळ. माझ्या दुकानातली गोळ्यांच्या पट्ट्या कापायची छोटी कात्री. आई स्नान करून, ओलेत्या केसांनी, हळदी-कुंकवाचं तबक घेऊन बसली आणि म्हणाली, "बापू, तुझा क्यामेरा आन."

"तो कशाला?"

"हत्यार न्हाई व्हय त्ये? अक्की त्येच्यानं काम करती."

आणला. मांडला. आईनं त्याच्याकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "देवापुढं त्वांड झाकून ठिवत्यात का कुनी? काढ त्ये टोपडं." मी टॉनिकचं झाकण काढलं. तिला दिसावं म्हणून बटणही दाबलं, लेन्स कुरकुरत बाहेर आली. आई खूश झाली. आणि मला काही कळायच्या आत तिनं ओली हळद बोटावर घेतली आणि सरळ काचेवर ओढली. वर कुंकवाचं बोट.

मी ओरडलो. असा ओरडलो की मनू रडायला लागली.

"आई! काचेवर!"

"मंग कुटं लावू?" आई शांतपणे म्हणाली. "विळ्याला पात्यावर लावतो. कात्रीला धारंवर लावतो. ह्येची धार हीच न्हवं का?"

अक्का तोंडात पदर कोंबून हसत होती. मी रुमाल घेऊन धावलो, तर तिनंच माझा हात धरला. पुजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हलवायचं नाही आणि पूजा पुसायची नाही, हा आमच्या घरचा नियम. मशीनसुद्धा त्या दिवशी गप्प असतं. "फिल्टर हाय ना वर?" ती म्हणाली. "मग कशाला जीव खालीवर करतोस? त्येच्याचसाठी आनलास ना तो?" बरोबर होतं तिचं. पण दिवसभर मी त्या पाटापुढनं जाताना तोंड फिरवून जात होतो. माझी काच हळदीनं माखलेली, वाळत चाललेली, आणि मला हात लावायची बंदी.

दसऱ्याला आम्ही वेशीबाहेर जाऊन आपट्याची पूजा करून आलो. घटातलं उगवलेलं धान टोपीत खोवलेलं, हातात सोनं. मोठ्यांच्या पाया पडून झालं. कासराभर ऊन उरलं होतं. आता नियम सुटला म्हणून मी आधी कॅमेऱ्याकडं धावलो. ओल्या रुमालानं पुसलं, तर हळद गेली नाही, पसरली. कुंकू तिच्यात मिसळून काच जर्द केशरी. स्पिरिट आणून पुसणार होतो, पण सुरेखा म्हणाली, "फिल्टरच काढा ना, सोपं होईल." फिरवला. हलेना. धुळीनं आट्यांमध्ये असा काही जाम होऊन बसला होता की जणू कुणी डिंकानं चिकटवला असावा. जोर करावा तर लेन्सची मोटर तुटायची भीती.

"राहू दे," अक्का म्हणाली. "ऊन चाललं. असाच काढते."

आम्ही लिंबाच्या झाडापाशी उभे राहिलो. अक्कानं फोटो काढला आणि पडद्यावर बघून खो खो हसत सुटली. आम्ही सगळे जमलो बघायला. समोरून येणारं ऊन त्या माखलेल्या काचेत शिरलं होतं आणि सगळं अंगण पिवळंधमक. माझी टोपी, मनूचा फ्रॉक, आईचे पांढरे केस, सगळं एका रंगात बुडालेलं.

"समदी हळदीला बसल्यावानी दिसत्यात," आई म्हणाली. आणि बोलता बोलता थांबली. तिनं अक्काकडं बघितलं. मग अगदी हलक्या आवाजात, कोंबडीला खुराड्यात बोलवावं तशी, म्हणाली, "अक्के, आज तू बी ये. समदं धुकट हाय. कुनाला काय दिसतंय?"

मला वाटलं, झालं आता. पण अक्कानं कॅमेरा माझ्या हातात दिला. छत्री तशीच खांद्यावर, पदर तसाच गळ्याभोवती, आईशेजारी जाऊन उभी राहिली. मी फोटो काढला.

तिनं कॅमेरा मागून घेतला आणि पडद्याकडं बघत राहिली. मी तिच्या खांद्यावरून डोकावलो. ओठाच्या कडेचा डाग नव्हता. बोटांवर काही नव्हतं. सोन्याच्या मूर्तीसारखी बाई आईशेजारी उभी होती. पण डागाबरोबर ओठाची कडही गेली होती, डोळे नुसते दोन सावल्या झाले होते. आईचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. "बघ, बघ कशी सोन्यावानी! बापू, ह्योच मोठा करून आन. ह्योच लावू भिताडावर."

"लई ग्वाड हाय," अक्का म्हणाली. "पन ही हाय कोन?"

आई पडद्यात आणखी वाकून बघायला लागली.

"एवढी वर्सं काढला न्हाई. आन आता काढायचा तर दुसरीचाच काढायचा व्हय?" अक्काचा आवाज चढला नव्हता, पण मी तिला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "उद्या मनू म्हनंल, आमची आत्या अशी हुती. अशी कुटं हुती? बापू, काढ ती काच."

"अक्का, निघत नाही. मोटर तुटेल."

"तुटू दे."

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घरात कशाला ना कशाला असतेच. तिनं ती आणली आणि फिल्टरच्या कडेभोवती घट्ट गुंडाळली. मी लेन्स धरली, तिनं फिरवलं. बोटं पांढरी, मनगट पांढरं, आणि आता बाही कोपरापर्यंत सरकवलेली. मी डोळे मिटून घेतले होते. कर्रर्र असा आवाज झाला. मला वाटलं तुटला. पण फिल्टर निघाला होता, हूडसकट. आत ती मूळची काच होती. तिला काहीच झालेलं नव्हतं. हळदीचा एक कणसुद्धा नव्हता तिच्यावर.

तोवर सूर्य आणखी खाली आला होता आणि सरळ लेन्समध्ये घुसत होता. हूड नाही, पडद्यावर नुसता पांढरा झोत. "अक्का, सावली पाहिजे कॅमेऱ्यावर," मी म्हणालो. तिनं खांद्यावरची छत्री उतरवली आणि सुरेखाच्या हातात दिली. "ह्येच्यावर धर," म्हणाली. सुरेखा माझ्या शेजारी उभी राहिली आणि छत्रीची सावली लेन्सवर पडली. अक्का उन्हात उभी. तिनं गळ्याभोवतीचा पदर सोडला आणि खांद्यावर टाकला. आईनं तिचा हात हातात घेतला, तोच, डागांचा. आई रडत होती आणि अक्का तिला रागवत होती, "रडतीस काय, फोटू बिगडंल."

"काढ रं," ती मला म्हणाली.

मी काढला. उघड्या काचेनं. झाकण नाही, हूड नाही, फिल्टर नाही, समोरच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर गाणी लावून धूळ उडवत चाललाय, आणि मला त्या धुळीची आठवणसुद्धा झाली नाही.

तो फोटो नगरला छापायला दिला तेव्हा काउंटरवरच्या माणसानं तो मोठा करून बघितला आणि माझ्याकडं बघून मदतीच्या सुरात म्हणाला, "बाईंचा चेहरा साफ करून देऊ का? एका मिनिटाचं काम आहे." त्याचं काही चुकलं नाही, रोज तेच करत असणार तो. मी म्हणालो, "साफच आहे. आहे तसाच द्या." एका कोपऱ्यात छत्रीची काळी कड आली होती, ती तरी कापू का म्हणाला. तीही कापू दिली नाही.

आई त्यानंतर बरीच वर्षं होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भिंतीपाशी घेऊन जायची, "ही माझी थोरली," म्हणायची, आणि थोरली तिथंच मशीनवर बसलेली असायची. अक्का चिडायची. "आगं, मी जित्ती हाय, फोटू कशाला दावतीस?" पण चिडून सुई थांबायची नाही. आई गेली त्या दिवशी अक्का त्या फोटोपुढं बसून राहिली होती. मला म्हणाली, "बरं झालं रं, तवा काढला. हात धरलेला हाय." मला त्या वेळी रडू आलं नाही. आता हे लिहिताना येतंय.

कॅमेराही मग दमला. लेन्स अर्धी बाहेर येते, कुरकुरते आणि तिथंच अडकते. नगरच्या माणसानं सांगितलं, आत धूळ गेलीय, आता काही होत नाही. शेवटी गेलीच म्हणायची. एवढं जपून, एवढी टोपडी घालून, काष्टीची धूळ काष्टीचीच निघाली. मी टाकून दिला नाही. टॉनिकचं झाकण, करगोटा, बरगड्यांचा हूड, हळदीनं डागाळलेला तो फिल्टर, सगळं अक्काच्या बटणांच्या डब्यात आहे. मनूला एकदा तो फिल्टर दाखवला. तिनं तो मोबाईलच्या डोळ्यापुढं धरला आणि खिडकीकडं रोखला. "पप्पा, हा तर भारी इफेक्ट आहे!" म्हणाली. मी म्हणालो, "हो. आमच्याकडं आधीपासूनच होता."

आज नवमी. पाट मांडलाय. आईच्या जागी अक्का बसते. केस पिकले, चष्मा लागला, छत्री अजून दारामागं आहेच, पण पदराचं ते लपेटणं कधी सुटलं ते आम्हालाही कळलं नाही. विळा, खुरपी, कात्र्या, टेप. आणि कॅमेरा, अर्धी लेन्स बाहेर अडकलेला. पुजून घ्यायची त्याला अजून सवय आहे आणि पुजायची आम्हालाही. मनू मोबाईल घेऊन समोर बसलीय, ह्याचं तिला फार अप्रूप.

अक्कानं हळद बोटावर घेतली आणि लेन्सकडं नेली.

"अक्का, काचेवर नको!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळी हसली. "आरं, मेलाय त्यो कवाच," अक्का म्हणाली, आणि तिनं शांतपणे काचेवर बोट ओढलं. मग कुंकू. मग कात्रीच्या धारेला, मशीनच्या चाकाला. सगळं झालं तरी बोटांवर हळद उरली होती. ती पुसायला मी जुनं फडकं पुढं केलं, तर तिनं घेतलं नाही. तिनं आपला उजवा हात उलटा करून बघितला, बोटांपासून मनगटापर्यंत पांढरा, सुईनं टोचून टोचून घट्टे पडलेला. आणि उरलेली हळद तिनं त्या हातावर ओढली. वर कुंकवाचं बोट.

"आत्या, हे काय?" मनूनं विचारलं.

"हत्यार हाय की," अक्का म्हणाली. "एवढी वर्सं इसरलेच हुते."

मनूनं मोबाईल वर केला. अक्कानं तो हात पदराखाली नेला नाही. तो गुडघ्यावर ठेवून, सरळ समोर बघत ती बसून राहिली, आणि मी पुढं झालो, मनूच्या हातातला मोबाईल घेतला आणि माझ्या शर्टाच्या टोकानं त्याची काच स्वच्छ पुसून दिली.